दारूची कोठी आणि शेजाऱ्याचे घर

दिवाळीच्या बाजारातून फटाक्यांची पिशवी घरात आली, की वडीलधारी मंडळी ती कोठे ठेवतात, हे आपण कधी लक्ष देऊन पाहिले आहे काय? शेगडीपासून दूर, देवघरातील समईपासून दूर आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा फडताळावर! हा कायदा कोणी लिहून दिलेला नसतो. पण याच कायद्याचा लेखी इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि आपल्या सोलापूरला तर तो जरा अधिकच जवळचा आहे.

सोलापूरकरांना दारूचे कौतुक नवे नाही. गैरसमज नको; ही दारू शोऱ्याची, गंधकाची आणि कोळशाची! संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरील शोभेचे दारूकाम पाहायला गावोगावची माणसे लोटत आली आहेत. शेजारीच भुईकोट किल्ला उभा आहे. १८१८ च्या मे महिन्यात मन्रोच्या फौजेने तो पेशव्यांच्या शिबंदीकडून घेतला, तेव्हा याच परिसरात दारूने निराळेच काम केले होते. एकच पूड, एका ठिकाणी चंद्रज्योत, दुसऱ्या ठिकाणी तोफ.

अशी ही दुधारी वस्तू वस्तीत ठेवायची कशी? मराठी राज्याने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी लिहून ठेवले आहे. सुमारे १७१५ साली रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात दारूखान्याचे नियम आहेत. तो राहत्या घरांजवळ नसावा. भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे. दारू तळघरात, माचावर ठेवावी. आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे व पुन्हा मोहोर करावी. रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणी आसपास फिरकू नये. कोठी सांभाळणाऱ्याने शेजाऱ्याच्या जिवाचीही काळजी वाहावी, हा या नियमांतला मुख्य विचार.

गंमत अशी, की सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेतही नेमका हाच विचार झाला. तेथे बंदूक बाळगणे हा नागरिकाचा हक्क मानला जातो, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचतोच. पण इंग्रजांशी लढून नुकत्याच स्वतंत्र झालेल्या त्याच लोकांनी आपल्या शहरांसाठी कडक नियम केले होते. न्यूयॉर्कसाठी १७८४ साली झालेल्या कायद्याप्रमाणे घरात २८ पौंडांहून अधिक दारू ठेवता येत नसे. तीही चार बरण्यांत किंवा पत्र्याच्या डब्यांत वाटून, प्रत्येकात ७ पौंडांहून जास्त नाही. बोस्टनने १७८३ साली ठासून भरलेली बंदूक राहत्या घरात आणण्यासच बंदी केली. कारण काय, तर आग लागली असता ती विझवायला धावून येणाऱ्या माणसांच्या जिवाला तिचा धोका! लाकडी घरांच्या गावात हे भय पोकळ नव्हते. हे जुने नियम आजही जिवंत आहेत बरे का! २०२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रांचा कोणताही निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी ताडून पाहावा, असे ठरवले. तेव्हापासून वकील मंडळी असे जुने कायदे धुंडाळीत असतात.

आपल्याकडे मात्र मधल्या काळात कायद्याचे मन बदलले. १८५७ च्या उठावाचा धसका घेतलेल्या सरकारने १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला. परवान्यावाचून हिंदी माणसाला बंदूक मना. आणि गोऱ्यांना सुरुवातीला सूट! येथे शेजाऱ्याच्या घराची काळजी कोठे आली? काळजी होती ती सिंहासनाची. नियम दोन्हीकडे होते. पण एक नियम लोकांनी एकमेकांसाठी केला होता, दुसरा राज्यकर्त्याने लोकांच्या भीतीपोटी.

या भीतीचे टोक सोलापूरने पाहिले. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर गिरणगाव पेटले. जमावाजवळ दगड होते, पोलिसांजवळ बंदुका. गोळीबार झाला, पोलीसही मारले गेले आणि १२ मेपासून शहरावर लष्करी कायदा आला. मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता!

स्वराज्य आल्यावर हा हक्क घटनेत आला नाही. १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला, तो १९६२ पासून अमलात आला, परवाना राहिला. मनात येते, जुलमी सरकारचे बंधन आपण कायम का ठेवले? उत्तर एवढेच, की बंधन कोणासाठी आहे, यावर त्याचे बरेवाईटपण ठरते. निवडून दिलेल्या सरकारने सर्वांना सारखे लावलेले बंधन आणि परक्या सत्तेने कातडीचा रंग पाहून लादलेले बंधन, यांत अंतर आहे. अर्थात नवे सरकारही त्याचा वापर कसा करते, यावर नागरिकाने डोळा ठेवलाच पाहिजे.

आणि दारूचे काय? १८८४ च्या स्फोटकांच्या कायद्याखाली २००८ साली झालेले नियम पाहा. फटाक्यांच्या तात्पुरत्या दुकानांत निदान ३ मीटर अंतर हवे. दुकाने समोरासमोर तोंड करून नसावीत. आत उघडा दिवा नसावा. जणू आज्ञापत्रातील निर्गुडीचे कुंपणच मीटरमध्ये मोजले आहे!

असे नियम कोणाला जाचक वाटतील. त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील बार्शी तालुका आठवावा. १ जानेवारी २०२३ रोजी पांगरीजवळच्या फटाका कारखान्यात स्फोट झाला आणि पोटासाठी तेथे राबणाऱ्या स्त्रिया प्राणास मुकल्या. आपल्या अंगणातील फुलबाजीमागे असे हात असतात.

तेव्हा यंदा लड अवश्य लावा. पण पाण्याची बादली जवळ ठेवा, पेटी घरात साठवू नका आणि परवान्याचा कागद भिंतीवर दिसेल त्याच दुकानातून माल घ्या. अमात्यांच्या गडापासून आपल्या चाळीपर्यंत दारूचा नियम एकच: आपल्या हौसेची ठिणगी शेजाऱ्याच्या घरावर पडता कामा नये.