जुने संगणक कोणाला विकायचे?

कुठल्याही कॉलेजात, बँकेत किंवा कचेरीत जिन्याखाली एक खोली असतेच. बंद मॉनिटर, प्रिंटर, वायरींचे गुंते. डेड स्टॉक रजिस्टरात नोंद आहे म्हणून फेकता येत नाही, आणि निर्लेखनाची फाइल हलत नाही. मग एकदाची मंजुरी येते, लिलाव होतो, सगळ्यात मोठी बोली लावणारा माल उचलतो. ऑडिटरही खूश. पण गडबड नेमकी इथेच होते.

बघा, जास्त भाव कोणाला परवडतो? जो तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतो आणि सोन्यासाठी सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतो त्याला. दिल्लीचं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद अशाच कामांसाठी ओळखलं जातं. नोंदणीकृत कारखान्याला धूर आणि सांडपाणी शुद्ध करायचा खर्च असतो, म्हणून तो कमी बोली लावतो. तुमच्या खात्यात आलेले जादा पैसे हे त्या वाचवलेल्या खर्चातूनच आलेले असतात.

ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. यादीतली किमान १,००० उपकरणं वर्षात कधीही वापरात असलेल्या संस्थेने आपला ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांनाच द्यायचा आहे. संस्था लहान असली तरी हेच करावं, असं माझं मत. म्हणजे लिलाव जरूर करा, पण बोली नोंदणीकृतांकडूनच मागवा. प्रमाणपत्राच्या झेरॉक्सवर विसंबू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नाव स्वतः तपासा. आणि हो, मोडके संगणक शाळेला 'दान' करू नका, जिन्याखालची खोली फक्त त्यांच्याकडे जाते. चालू करून, तपासून दिले तर गोष्ट वेगळी.

आता डेटा. अमेरिकेत मॉर्गन स्टॅन्लेने जुने सर्व्हर आणि हार्ड डिस्क काढायचं काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं. डेटा नष्ट करण्याचा तिला अनुभवच नव्हता. काही यंत्रं ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात विकली गेली. २०२२ मध्ये तिथल्या शेअर बाजार नियामकाने साडेतीन कोटी डॉलर दंड लावला. नुसतं फॉरमॅट केल्याने माहिती जातेच असं नाही. साध्या हार्ड डिस्कवर चुंबकाचं यंत्र चालतं, एसएसडीवर नाही. तिथे खास सॉफ्टवेअर किंवा थेट चुरा. हे काम माल फाटकाबाहेर जाण्याआधी, सीरियल नंबर लिहून करा.

यूपीएसच्या बॅटऱ्या मात्र वेगळ्या काढा. त्यांना वेगळे नियम आहेत, तेही २०२२ चेच.