दहा छायाचित्रे आणि एक वगळलेले वाक्य

नाट्य हे कथापटाचे काम, माहितीपटात घटना घडल्या त्याच क्रमाने लावाव्यात, रचना आली की सत्यात भेसळ झाली, असा समज संकलन शिकणाऱ्यांमध्येही घट्ट रुजलेला आहे. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला तो टिकत नाही. २१ मे १९९१ च्या रात्री तिथल्या प्रचारसभेत बॉम्बस्फोटात राजीव गांधींची हत्या झाली. स्फोटात हरिबाबू हा छायाचित्रकारही मेला, पण त्याचा कॅमेरा शाबूत राहिला आणि त्यातल्या दहा छायाचित्रांनी तपासाला दिशा दिली. एका चित्रात हार घेतलेली तरुणी आहे, जवळच पांढऱ्या कुर्त्यातला, पत्रकार वाटावा असा माणूस. स्फोटाआधीचे चित्र म्हणून आधी दाखवले तर ती सभेतली गर्दी असते. स्फोटानंतर दाखवले तर तीच माणसे हल्लेखोर धनू आणि तिचा कटातला साथीदार शिवरासन होतात. चित्रात कणभरही बदल नाही. बदलते ते पाहणाऱ्याला आधी काय ठाऊक आहे एवढेच, आणि ते ठरवणे हेच संकलकाचे काम. म्हणजे काळाचा क्रम हीसुद्धा एक निवडच आहे.

शेवट सगळ्यांना माहीत असेल तर उत्कंठा कुठली, असे यावर विचारले जाते. पण उत्कंठा ‘काय झाले’ यावरच तगते हे गृहीतक चुकीचे आहे. हत्या पहिल्याच मिनिटाला सांगून टाकली तरी फोटोतल्या अनोळखी चेहऱ्यांना नावे कशी मिळाली, हा प्रश्न प्रेक्षकाला तासभर धरून ठेवतो. तीन अंकांचा साचा पाठ करण्यापेक्षा कोणता प्रश्न कधी उघडायचा आणि कधी मिटवायचा, हे शिकणे मोलाचे. (साचा सरावाला उपयोगी पडतो, पण प्रत्येक फुटेज त्यात कोंबू नये.)

रचनेने खोटेपणा येऊ शकतो, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. या हत्येच्या खटल्यातले एक आरोपी पेरारिवालन यांच्यावर बॉम्बसाठी दोन बॅटऱ्या पुरवल्याचा ठपका होता. बॅटऱ्या कशासाठी हव्यात हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्यांनी सांगितले होते. जबाबातून ते वाक्य आपण गाळले, असे जबाब नोंदवणारे सीबीआयचे अधिकारी व्ही. त्यागराजन यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे मान्य केले. नोंदवले ती कबुली, वगळलेले गायब, आणि माणूस फाशीच्या छायेत. मुलाखतीतले अर्धे मिनिट कापणाराही नेमके हेच करू शकतो. पण यावरचा उपाय रचना टाळणे हा नाही, कारण कापाकापीशिवाय शेकडो तासांचे फुटेज कुणीच पाहणार नाही. आपल्या कथेला अडचणीचे ठरणारे वाक्य ओळखून ते ठेवायचे, एवढी शिस्त नाट्यरचना कळलेल्यालाच पाळता येते. ते वाक्य कुठे बसवले की ऐकू येईल, हे त्यालाच समजते.

शेवट कुठे करायचा, हाही असाच प्रश्न. १९९८ च्या जानेवारीत विशेष न्यायालयाने २६ जणांना फाशी सुनावली. तिथे थांबणारा माहितीपट पूर्ण न्यायाची गोष्ट सांगतो. मे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या चौघांचीच फाशी कायम केली आणि १९ जणांची सुटका झाली. पेरारिवालन मे २०२२ मध्ये सुटले, उरलेले सहा जण त्याच नोव्हेंबरात. यातली कोणतीच तारीख खोटी नाही. शेवटचा शॉट यांपैकी कुठल्या तारखेवर ठेवायचा, याचे कारण संकलकाला स्वतःशी आणि प्रेक्षकाशी सांगता आले पाहिजे.