नापास करण्याची नोकरी

पिंपरी-चिंचवड व भोसरी परिसरात मोटारींचे सुटे भाग बनविणारे लहानमोठे असंख्य कारखाने आहेत. त्यांतील मोठ्या कारखान्यांत एका कोपऱ्यात काचेची थंड खोली दिसते. हा थंडावा तेथे बसणाऱ्या गुणवत्ता-तपासनिसाच्या सुखासाठी केलेला नसतो. अचूक मोजमापासाठी २० अंश सेल्सिअस हे तापमान जगभर प्रमाण मानतात. शंभर मिलिमीटर लांबीचा पोलादी भाग ३५ अंशांच्या उकाड्यात सुमारे १७ मायक्रॉनने वाढतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ज्या मापात दहाच मायक्रॉनची सूट असते, तेथे भागाचा निकाल उन्हाळाच फिरवू शकतो.

माप घेण्याचे शास्त्र मात्र चोख आहे. भोक तपासण्याच्या गेजला दोन टोके असतात. ‘गो’ टोक आत गेले पाहिजे, ‘नो-गो’ जाता कामा नये. इतका निर्विवाद निकाल उत्तरपत्रिका तपासणाऱ्या परीक्षकाच्याही नशिबी नसतो!

खरी अडचण निकाल जाहीर करण्यात आहे. महिनाअखेर असते, मालमोटार दारात उभी असते आणि पेटीतले काही जॉब पाच मायक्रॉनने चुकलेले निघतात. ते अडवले तर पोलाद, यंत्राचे तास व मजुरी यांचा तोटा त्याच दिवशी हिशेबात दिसतो. सोडले तर होणारा तोटा पुढे केव्हातरी, दुसऱ्याच कोणाच्या तरी पदरात पडतो. म्हणजे तपासनिसाच्या नकाराची किंमत कारखान्याला दिसते, होकाराची दिसत नाही. ग्राहकाची लेखी संमती घेऊन ‘डेव्हिएशन’वर माल सोडण्याची रीत आहे, व ती वैधही आहे. परंतु संमतीला वेळ लागतो; वहीतला आकडा बदलायला लागत नाही.

हा मोह केवळ लहान कारखानदारांना होतो, असे समजण्याचे कारण नाही. १९५० साली डेमिंग यांच्याकडून संख्याशास्त्रीय गुणवत्ता-नियंत्रणाचे धडे घेतलेल्या जपानमध्ये, कोबे स्टील या नामांकित कंपनीने ऑक्टोबर २०१७ मध्ये तपासणीचे आकडे बदलल्याची कबुली दिली. तिचे धातू मोटारी, रेल्वे व विमाने यांसाठी गेलेले होते. नफ्यावर दिलेला अवास्तव भर हे एक कारण कंपनीच्याच अहवालात नमूद झाले.

मोटार उद्योगासाठीच्या आयएटीएफ १६९४९ या २०१६ च्या मानकाने माल रोखण्याचा व उत्पादन थांबविण्याचा अधिकार गुणवत्तेची जबाबदारी असलेल्यांना दिला आहे. कागदावर यापेक्षा अधिक काय द्यावयाचे? परंतु कित्येक ठिकाणी या जागी कंत्राटी पदविकाधारक किंवा शिकाऊ उमेदवार असतो, आणि त्याची मुदतवाढ ज्यांच्या शिफारशीवर ठरते, त्यांचेच उद्दिष्ट त्याच्या नकाराने हुकत असते. अशा तरुणाकडून संध्याकाळी पाच वाजता मालमोटार रोखून धरण्याची अपेक्षा करणे, हे त्याच्या वेतनाच्या मानाने फारच आहे.

तपासनिसाची नेमणूक व वेतनवाढ उत्पादन-प्रमुखाच्या हातून काढून घेणे, एवढे तरी मोठ्या कारखान्यांना सहज करता येईल. वीस कामगारांच्या कारखान्याला स्वतंत्र विभाग परवडत नाही, हे मान्य केले पाहिजे. तेथे माल घेणाऱ्या कंपनीनेच दरात तपासणीचा खर्च वेगळा धरावा. आज ती दर वर्षी भाव कमी करून मागते आणि अचूकता मात्र पहिल्याइतकीच हवी म्हणते.