जागलीला आलेले पाहुणे

पेन्शनीत निघालेल्या माणसाने काय करावे, याविषयी आपल्या समाजाचे मत ठाम आहे. सकाळी फिरावे, सायंकाळी देवळात जावे आणि मधल्या वेळात सुनेच्या स्वयंपाकघरात डोकावू नये. आमच्या मामांनी यातले पहिले आणि शेवटचे कसोशीने पाळले. मधल्या रिकाम्या जागेसाठी त्यांनी एक तंबू विकत घेतला!

मामा पोस्टात होते, मामी प्राथमिक शाळेत. उभयतांची सारी नोकरी अकोल्यात गेली. पण वडिलार्जित चार एकर वावर आसेगावला. (या नावाची गावे आमच्याकडे एकाहून अधिक आहेत. मी म्हणतो ते वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्याचे.) सोयाबीन निघाले की दिवाळीच्या सुमारास आठदहा दिवस ही जोडी विहिरीजवळच्या निंबाखाली तंबू ठोकते. सामान थोडके : स्टोव्ह, चादरी, एक दुर्बीण आणि मामींची वही. पुष्कळांनी त्यांना थंड हवेचे ठिकाण सुचवले. मामी म्हणाल्या, "तिथे माणसांचीच गर्दी. ती ओळखायला पुस्तक कशाला हवं?"

मागे एका सुट्टीत मी त्यांच्याकडे तीन रात्री काढल्या. पहाटे पिंगळ्यांच्या भांडणाने जाग यायची. उजाडले की दयाळ तंबूच्या दोरीवर हजर. थारोळ्याच्या ओलीत धोबी शेपटी हलवीत फिरायचा. उन्हाळा हिमालयात किंवा त्याहीपलीकडे काढून हा एवढासा जीव हिवाळ्यापुरता आसेगावी येतो. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची रिकामी घरटी लोंबत होती. 'सुगरण' हा शब्द आपण स्त्रीलिंगी करून बसलो, परंतु विणकाम सारे नराचे. मादी येते, तपासते आणि पसंत पडले नाही तर निघून जाते. हे ऐकवताना मामींच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, त्याचे वर्णन मी करीत नाही.

मामींच्या वहीत दोन रकाने आहेत. डावीकडे गावातले नाव, उजवीकडे पुस्तकातले. ही शिस्त त्यांनी मारुती चितमपल्लींच्या लेखनावरून घेतली. वनखात्यात आयुष्य घालवलेल्या या माणसाने रानातल्या लोकांच्या तोंडची नावे जपली आणि जिथे शब्द नव्हता तिथे घडवला. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' म्हणावे, हे त्यांचेच. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांचा हेवा वाटतो, हे सांगून टाकतो.

वहीत एक जागा मात्र रिकामी आहे, ती तणमोराची. पावसाळ्यात गवतातून उभ्या उड्या मारणारा हा पक्षी अकोला-वाशीमच्या माळरानांवर आता क्वचितच दिसतो. एके काळी त्याला फाशात पकडणाऱ्या फासेपारध्यांपैकी काही जण कारंज्याच्या 'संवेदना' संस्थेबरोबर त्याचे गवत राखू लागले आहेत. काळविटांसाठी कारंजा-सोहोळ अभयारण्य २००० साली झाले, तेही आमच्याच जिल्ह्यात. पण वन्यप्राण्यांना हद्दीचे दगड वाचता येत नाहीत, आणि खरी कथा इथूनच सुरू होते.

गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीनने ज्वारीला शिवारातून जवळजवळ हाकलले. पूर्वी शिवारभर ज्वारी असे. पाखरे सगळ्यांचे थोडे थोडे खात. आता एकट्यानेच पेरली तर पंचक्रोशीतली पाखरे त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून तोही पुढच्या वर्षी पेरीत नाही. गोफण घेऊन माळ्यावर बसणारी पोरे शाळेत गेली, हे उत्तमच झाले. मामांनी मात्र अर्धा एकर ज्वारी मुद्दाम पाखरांसाठी पेरली. दाणे भरताच भोरड्यांचे थवे उतरू लागले. मध्य आशियाकडून आलेले पाहुणे! सारा थवा एकदम वळला की आभाळाला सुरकुती पडल्यासारखे वाटे.

मी होतो त्याच दिवसांत शेजारचे शेतकरी भाऊ सकाळी तंबूपाशी आले. रात्री रानडुकरे ज्वारीच्या वासावर आली होती आणि जाताना त्यांचा नुकता पेरलेला हरभरा उकरून गेली होती. रोही तुरीत शिरली, ती वेगळीच.

"काकाजी, कणसं तुमची, पाखरं तुमची, अन् डुकरं मात्र आमच्या वावरात! तुमाले पेन्शन हाय. आमाले कर्ज फेडा लागते."

मामा काही बोलले नाहीत. बोलण्यासारखे होतेच काय? वनखात्याकडे अर्ज केला की पंचनामा होतो, भरपाई मिळते. पण ती मिळेपर्यंत पेरणीची ओल काही थांबत नाही. माझ्या मते मामांची हौस त्या क्षणी शेजाऱ्याच्या खर्चाने चालली होती. मी तसे म्हणालोही. मामी माझ्याकडे न पाहता चहा ओतीत राहिल्या.

मग त्यांनीच तोंड उघडले. पुन्हा पेरायला बियाणे आमचे, असे त्यांनी सांगितले. आणि त्या हरभऱ्यात ज्वारीचे चार दाणे मिसळा, असेही. कृषी खाते हेच सांगत असते. हरभऱ्याच्या वर निघालेल्या ज्वारीच्या ताटांवर कोतवाल आणि साळुंक्या येऊन बसतात व घाटे अळी वेचून खातात. भाऊ साशंक होते. "बाई, पाखरं अळी खातीन, पन डुकराचं काय?"

"त्याला जागल," मामी म्हणाल्या.

त्या रात्रीपासून सत्तरीला टेकलेली दोन माणसे बॅटरी आणि रिकामा डबा घेऊन शेजाऱ्याच्या धुऱ्यावर बसू लागली. डबा वाजवण्यात मामा फारच रमले. डुकरे दोनदा परतवली, एकदा नाही जमले. माघाच्या सुमारास भाऊ हरभऱ्याचे डहाळे घेऊन अकोल्याला आले. अळी थोडी कमी होती, असे म्हणाले, फार नाही.

यंदा ज्वारी पाव एकरच आहे, विहिरीला लागून, भाऊंच्या वावरापासून लांब. तंबूचा मुक्काम पंधरा दिवसांचा ठरला आहे. जागलीच्या पाळ्याही लागल्या : रात्रीचा पहिला भाग मामांचा, मधला भाऊंचा, पहाटेचा मामींचा. पहाटेची वेळ त्यांनी मागून घेतली. पिंगळे तेव्हाच बोलतात.