डिश उन्हात, तरी पाणी कोमट! उष्णता गळते कुठे?

मढ : शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर 2009 मध्ये 73 सौर डिश बसवल्या. एकेका डिशचा आरसा 16 चौरस मीटरचा. त्यांच्या वाफेवर भाविकांचा स्वयंपाक होतो. लातूरच्या महानंद डेअरीतही दूध तापवायला मोठी सौर डिश वापरली गेली. हे ऐकून मढसारख्या गावातही प्रश्न पडतो, आपल्याकडे जमेल का?

जमेल, पण आरसा मोठा घेतला म्हणजे काम झालं असं नाही. आरसा फक्त ऊन एका जागी गोळा करतो. ती उष्णता पाण्यात उतरली तरच उपयोग. ती तीन ठिकाणी गळते.

पहिली गळती आरशावर. समुद्राची खारी हवा आणि धूळ बसली की चकाकी जाते. सकाळी आरसा थंड असताना गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावा. डिश सूर्यामागे नीट फिरली नाही, तर झोत नळीवरून सरकतो.

दुसरी गळती नळीच्या बाहेर. तापलेल्या नळीची उष्णता वारा पळवतो. नळीला ऊन जास्त शोषणारा आणि उष्णता कमी बाहेर सोडणारा खास काळा लेप देतात. लांब पन्हाळीसारख्या आरशात नळीभोवती काचेची नळी घालून मधली हवा काढून टाकतात. पुढच्या पाइपांना जाड आवरण हवंच.

तिसरी अडचण नळीच्या आत. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर चुलीवरच्या हंड्यात बसतो, तसाच इथेही बसतो आणि उष्णता अडवतो. त्यामुळे पाणी मऊ करूनच सोडावं. शिवाय हळू वाहणाऱ्या पाण्यात कडेचं पाणी तापतं, मधलं थंडच राहतं. त्यावर उपाय म्हणून नळीत पिळाची धातूची पट्टी घालतात. पाणी घुसळलं जातं, उष्णता लवकर उतरते. मात्र पंपावर जोर वाढतो.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. ढगाळ हवेत ऊन विखुरतं, डिश ते गोळा करू शकत नाही. पावसाळ्यात गॅस किंवा लाकूड लागणारच. आणि बोंबील सुकवायला वाफ लागत नाही, साधारण 40 ते 50 अंश आणि खेळती हवा पुरते. त्यासाठी डिशवर पैसे घालण्यापेक्षा साधा झाकलेला सौर ड्रायर बरा. रोज मोठा स्वयंपाक किंवा भरपूर कढत पाणी लागत असेल, तरच डिशचा विचार करावा.

आणि मुलांना झोताजवळ जाऊ देऊ नका. तिथे हात भाजतो, डोळे दिपतात.