टीपीआर चार्टवरचा 20 : चूक सांगणं, ऐकणं आणि ज्युनिअरला शिकवणं

मागच्या भागांत आपण नर्सिंगचा प्रवेश, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांबद्दल बोललो. आज वॉर्डात जाऊ या. नर्सिंगची विद्यार्थिनी वॉर्डात नेमकी शिकते कशी, तिला तिची चूक कुणी आणि कशी सांगावी, आणि तीच मुलगी वर्ष-दोन वर्षांनी सीनिअर होऊन ज्युनिअर मुलींना सांभाळायला लागते तेव्हा काय होतं, हा आजचा विषय. ऐकणारे काही जण इंदूरचे आहेत, काही हैदराबादचे, काही बेळगावचे. वॉर्ड सगळीकडे सारखाच असतो, म्हणून एकाच छोट्या कामावरून बोलते. काम आहे रुग्णाचे श्वास मोजण्याचं.

टीपीआर म्हणजे टेम्परेचर, पल्स, रेस्पिरेशन. ताप थर्मामीटर सांगतो. नाडी हाताला लागते, आता तर बोटाला लावायचं यंत्रही सांगतं. श्वास मात्र साध्या वॉर्डात डोळ्यांनीच मोजावे लागतात. पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत उभं राहायचं, आणि तेही रुग्णाला कळू न देता. कळलं की माणूस श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही बोटं मनगटावरच ठेवायची आणि नजर छातीवर न्यायची. वॉर्डात 30 रुग्ण असतील तर नुसत्या श्वासांना अर्धा तास लागतो. तेवढा अर्धा तास कुणाकडे असतो? मग रकान्यात खालपासून वरपर्यंत 20, 20, 20, 20. ज्यांनी वॉर्डात महिनाभर काढलाय त्यांना हा रकाना मी काढून दाखवायची गरज नाही.

मीही तो भरलाय. मी गुजरातेत शिकले, घरी मराठी आणि वॉर्डात गुजराती-हिंदी. पहिल्या वर्षी आमच्या एका शिक्षिकेने माझा चार्ट पाहिला आणि 14 मुलींसमोर विचारलं, "सगळा वॉर्ड एकाच तालावर श्वास घेतो का?" मुली हसल्या. मग त्या म्हणाल्या, "असल्या मुलींनी घरी बसून पोळ्या लाटाव्यात." कान तापले, डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी माझ्या रकान्यात 18, 22, 20, 18, 20 असे आकडे होते. मोजलं तेव्हाही नव्हतं. मी शिकले ते एवढंच, की पकडलं जायचं नसेल तर आकडे बदलते ठेवायचे.

दुसऱ्या वर्षी मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग होतं. न्यूमोनियाचे एक काका होते, साठीचे. दुपारी 2 वाजता मी त्यांच्यापुढे 20 लिहिलं. 4 वाजता वॉर्डच्या सिस्टर राऊंडला आल्या. केरळच्या, 20 वर्षं गुजरातेत काढलेल्या. काकांच्या खाटेशी त्या थबकल्या, मनगट हातात घेतलं आणि घड्याळ बघत उभ्या राहिल्या. 34. पुढे सगळं भराभर झालं. बॅक रेस्ट उचलली, ऑक्सिजन लावला, ड्युटीवरचे डॉक्टर आले, तासाभरात काका आयसीयूत. ते वाचले, हे आधीच सांगून टाकते.

संध्याकाळी सिस्टरनी मला ड्रेसिंग रूममध्ये बोलावलं. तिथे आणखी कुणी नव्हतं. त्या हिंदीत जे बोलल्या ते साधारण असं होतं : "2 वाजता तू 20 लिहिलंस. 4 वाजता मला 34 मिळाले. दोन तासांत एवढा फरक पडू शकतो. तू मोजले होतेस का?" मी नाही म्हणाले. का कुणास ठाऊक, पण खोटं बोलावंसं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "ठीक. चल, आता मोजू." सहा रुग्णांपाशी आम्ही दोघी एकाच वेळी मोजायला उभ्या राहिलो. पहिल्या दोघांचे माझे आकडे त्यांच्याशी जुळले नाहीत. मी छातीकडे बघत होते आणि ते रुग्ण पोटाने श्वास घेत होते. सहाव्या रुग्णाला आकडा जुळला. "उद्या 2 वाजता पुन्हा एकत्र मोजू," एवढं बोलून त्या ओव्हर द्यायला गेल्या. दुसऱ्या दिवशी 2 वाजता त्या खरंच आल्या.

या दोन प्रसंगांत फरक काय? 'एक ओरडली, दुसरी प्रेमाने बोलली' असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण सिस्टर काही फार प्रेमळ नव्हत्या. फरक वेगळा होता. पहिल्या प्रसंगात विषय मी होते, माझी लायकी. दुसऱ्यात विषय होता 2 वाजताचा आकडा.

यावर संशोधन झालेलं आहे. क्लूगर आणि डेनिसी या दोन अभ्यासकांनी 1996 साली फीडबॅकवरचे आधीचे पुष्कळ प्रयोग एकत्र करून तपासले. सरासरीने फीडबॅकचा फायदा होतो, हे दिसलं. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम आणखी बिघडलेलं होतं. त्यांनी मांडलेलं कारण असं, की सांगण्यामुळे माणसाचं लक्ष कामावरून उठून स्वतःवर जातं तेव्हा फीडबॅकचा परिणाम घसरतो. मी कशी आहे, लोक काय म्हणतील, हे डोक्यात सुरू झालं की हातातलं काम मागे पडतं. माझे 18, 22, 20 आठवा.

त्याआधी 1983 मध्ये जॅक एंडे या अमेरिकन डॉक्टरांनी वैद्यकीय शिक्षणातल्या फीडबॅकवर एक लेख लिहिला, तो अजून शिकवला जातो. त्यातलं सार आपल्या भाषेत सांगायचं तर : स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या कामावरच बोला, वेळेवर बोला, नेमकं बोला, जे बदलता येईल तेवढ्यावरच बोला, आणि निवाडा देऊ नका. सिस्टरनी तो लेख वाचला असेल असं मला वाटत नाही. पण 'लक्ष देत जा' हे वाक्य त्या कधी वापरत नसत. 'तू पोटाकडे बघितलं नाहीस' असं म्हणत. पहिलं वाक्य ऐकून मुलगी फक्त खाली बघते. दुसरं ऐकलं की काय करायचं ते तिला कळतं.

श्वासाचं एवढं काय, असंही कुणी विचारेल. मोठ्या माणसाचे विश्रांतीतले श्वास मिनिटाला 12 ते 20. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये रुग्ण बिघडतोय का हे ओळखण्यासाठी गुणांची एक पद्धत आणली. तीत 21 ते 24 श्वासांना 2 गुण आहेत आणि 25 किंवा त्याहून जास्त असले तर 3. एकाच गोष्टीला 3 गुण पडले तरी रुग्णाला तातडीने तपासायचं असतं. रक्तदाब पडण्याच्या बराच आधी श्वास वाढलेले असू शकतात. म्हणजे मनाने लिहिलेला 20 रुग्णाचे कित्येक तास खाऊ शकतो.

आता पुढचा टप्पा. तिसऱ्या वर्षी माझ्यासोबत पहिल्या वर्षाच्या दोन मुली दिल्या होत्या. आम्ही दोन वर्षं खालच्या मानेने काढलेली, त्यामुळे 'दीदी' म्हणून हाक ऐकली की जरा उंच झाल्यासारखं वाटायचं. कबूल करते, पहिल्या आठवड्यात मी त्यांना शिकवण्यापेक्षा पळवलं जास्त. स्पिरिटचा कापूस आण, चादर बदल, लॅबमध्ये सॅम्पल पोचव. ज्युनिअरला सांभाळणं आणि ज्युनिअरकडून कामं उरकून घेणं यातली रेघ फार पुसट असते. बऱ्याच सीनिअर ती ओलांडतात आणि त्याला शिस्त म्हणतात.

एक दिवस त्यातल्या एकीचा चार्ट पाहिला. रेस्पिरेशनच्या रकान्यात 20, 16, 20, 24, 20, 16. मला हसूच आलं. आकडे कसे बदलते ठेवायचे हे मला कुणी शिकवायला नको होतं. जुन्या चोराच्या खात्रीने विचारलं, "मोजलेस का?" ती म्हणाली, "मोजले, दीदी." माझा विश्वास बसला नाही, आणि जिभेवर ती पोळ्या लाटण्याची ओळ आली, अगदी तशीच्या तशी. ऐकलेलं कसं मुरतं बघा. पण सिस्टरचा ड्रेसिंग रूममधला प्रसंगही मुरला होता. म्हटलं, "चल, पाच नंबरच्या बांचे दोघी मिळून मोजू."

मी मिनिटभर मोजले, 24 आले. ती माझ्या कितीतरी आधी थांबली होती. तिचा आकडा 20. "कसे मोजलेस?" "15 सेकंद मोजून 4 ने गुणले." ती खोटं बोलत नव्हती. तिचे सगळे आकडे चारच्या पाढ्यातले होते, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. आणि 15 सेकंद गुणिले 4 हे तिला शिकवलं कुणी? मीच. आदल्या आठवड्यात नाडी मोजायला, घाईत. ती रीत तिने श्वासाला लावली.

हिशेब करून बघा. नाडी 80 आहे आणि 15 सेकंदांत एक ठोका हुकला, तर 76 येतात. 80 मध्ये 4 चा फरक विशेष नाही. (नाडी अनियमित असेल तर तिथेही पूर्ण मिनिट मोजायचं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.) श्वास 24 आहेत आणि एक हुकला, तर 20 येतात. बिघडणारी बाई कागदावर ठणठणीत होते. हे गणित मलाही तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मिनिटभर मोजायचं हा नियम मी पाळत होते, पण नियमामागचं कारण तिला समजावताना मलाच पहिल्यांदा कळलं.

शिकवताना शिकणं म्हणतात ते हे. नियम पाळायला कारण माहीत असावं लागत नाही. शिकवायला लागतं.

अमेरिकेतल्या नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये नर्सच्या वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या, अगदी नवख्या मुलीपासून निष्णात नर्सपर्यंत. नवखी नियमावर चालते. निष्णात नर्स अख्खा रुग्ण एका नजरेत पाहते, जशा त्या सिस्टर काकांच्या खाटेशी थबकल्या. नंतर मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला कशावरून कळलं? त्या म्हणाल्या, "बस, दिख गया." गळ्याचे स्नायू ताणलेले होते, वाक्य तुटत होतं, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. निष्णात माणसाला आपण काय पाहिलं ते बऱ्याचदा शब्दांत सांगता येत नाही. म्हणून दोनच वर्षं पुढे असलेली सीनिअर कधीकधी जास्त उपयोगी पडते. आपण कुठे अडलो होतो हे तिला अजून आठवत असतं.

पण तिच्या चुकाही तिच्यासोबतच उतरतात, जसा माझा पाढा उतरला. म्हणून सीनिअर शिकवत असताना तिच्याकडे लक्ष ठेवणारी नोंदणीकृत नर्स किंवा शिक्षिका हवीच. इंजेक्शन, रक्त चढवणं अशा कामांत तर विद्यार्थिनीने विद्यार्थिनीवर देखरेख करणं हा पर्यायच नाही. आता बी.एस्सी. नर्सिंग आठ सत्रांचं झालंय आणि शेवटचं सत्र इंटर्नशिपचं आहे. स्टाफ अपुरा असला की इंटर्नच्या मागे चार-पाच ज्युनिअर लावून सगळे मोकळे होतात. याला मी शिकवणं म्हणत नाही.

कौशल्य शिकवायची एक चांगली रीत पेटन नावाच्या ब्रिटिश सर्जननी 1998 मध्ये सांगितली. आधी न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवा. मग सांगत सांगत करा. तिसऱ्या वेळी ज्युनिअरने तोंडाने सांगायचं आणि तुम्ही तसं करायचं. चौथ्या वेळी तिने स्वतः करायचं. आपण वॉर्डात पहिली पायरी करतो आणि थेट चौथीवर उडी मारतो. तिसरी पायरी घेतली असती तर 'दीदी, आता 15 सेकंदांनी थांबा' हे मला माझ्याच कानांनी ऐकू आलं असतं.

ऐकणाऱ्या विद्यार्थिनींसाठी एक गोष्ट. 'मॅडम, कसं झालं?' असं विचारलं तर 'बरं झालं' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी काम सुरू करण्याआधी सांगून ठेवा : मॅडम, कॅन्यूला लावताना माझ्या सुईचा कोन तेवढा बघा. नेमकं विचारलं की बघणारीही नेमकं बघते. आणि लॉगबुकमधली सही म्हणजे फीडबॅक नव्हे. सही फक्त एवढं सांगते, की काम झालं.

ती ज्युनिअर आणि मी पुढचे चार दिवस रोज तीन-तीन रुग्णांचे श्वास एकत्र मोजत होतो. तिसऱ्या दिवशी तिच्या रकान्यात 17 आला. मी मनाने आकडे लिहायचे तेव्हा विषम आकडा मला कधी सुचला नव्हता, आणि चारच्या पाढ्यात 17 येत नाही.