कुड्याची साल आणि कायद्याची अक्षरे

प्राणहितेच्या काठावरील अहेरीच्या वनपट्ट्यात पोटात मुरडा आला की कुड्याच्या सालीची आठवण होते. शहरी सुशिक्षितास हा अडाणीपणा वाटतो. वस्तुतः त्या सालीत कोनेसिन नावाचे अल्कलॉइड असून आमांशाच्या अमीबाला ते मारक आहे. मेट्रोनिडाझोल येण्यापूर्वी डॉक्टरही कुड्यापासून केलेली औषधे देत असत.

तथापि रानातले ते सारे निर्धोक, हा समजही तितकाच खोटा होय. कळलावीचा उपयोग तिच्या नावातच आहे. अडलेल्या बाळंतिणीस कळा याव्यात म्हणून तिच्या कंदाचा लेप लावीत. त्याच कंदातील कॉल्चिसिन पेशींचे विभाजन रोखते. मोजून दिले तर ते गाऊट या संधिविकारावरील औषध. मात्रा चुकली तर प्राणघातक विष. शिवाय प्रत्येक कंदात त्याचे प्रमाण सारखे नसते. तेव्हा वनौषधींची थोरवी गाऊन दवाखान्याची उणीव झाकता येणार नाही.

मग या ज्ञानाचे मोल कोणाच्या पदरी पडते? सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडला. १९५२ साली स्विस शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले. औषध जगभर गेले. मुळे मात्र रानातून इतकी खणली गेली, की आज तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने अशा ज्ञानाच्या धारकांना लाभात वाटा देऊ केला. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानास त्यातून सूट दिली. कुडा ‘कुटज’ या नावाने आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेच. म्हणजे पोथीत आले ते सर्वांस मोकळे. माडियांच्या जिभेवर राहिले त्यावरच हक्क, आणि तो सिद्ध करण्यास पुन्हा लेखी पुरावा हवा!

हा पुरावा म्हणजे गावची लोक जैवविविधता नोंदवही. ती कचेरीत बसून भरण्याची वस्तू नव्हे. जाणत्या पुजाऱ्यांकडून त्यांच्याच बोलीत, त्यांच्या संमतीने, विषारी मात्रेच्या इशाऱ्यासह ती लिहिली गेली पाहिजे. तेथील शिक्षक व विद्यार्थी हे काम उत्तम करू शकतील. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’च्या जुन्या वृक्षांना २०१४ साली जैवविविधता वारशाचा दर्जा मिळाला. त्या रानाचे गुण जाणणारी माणसे वृक्षांइतकी दीर्घायुषी नसतात, याचे भान शासनाने व समाजाने वेळीच ठेवावे.